पहिली बाइक घेताय? सीसी नंतर बघू, आधी पाय टेकतात का ते सांग

पत्र :

ताई, माझं वय २६, उंची पाच फूट दोन इंच, वजन ५२ किलो. सायकल सोडली तर दुचाकी कधी चालवली नव्हती. गेल्या महिन्यात क्लास लावून सहा दिवस १२५ सीसीची बाइक शिकले आणि खरं सांगू, इतकं छान मला बऱ्याच दिवसांत काही वाटलं नव्हतं. आता स्वतःची घ्यायचीय. आमचा ग्रुप सगळा ६५० वाला, त्यांचं म्हणणं असं की छोटी घेशील तर सहा महिन्यांत कंटाळशील, एकदाच मोठी घे आणि हळू चालव. म्हणून त्यातल्या एकाच्या बाइकवर पार्किंगमध्येच बसून बघितलं. स्टँड काढला, गाडी जराशी डावीकडे कलली आणि मला धरताच आली नाही, गेली खाली. चालू पण नव्हती! उचलताही आली नाही मला, तिघांनी मिळून उचलली. कोणी काही बोललं नाही पण त्याची अजून लाज वाटते. मला बाइक झेपणारच नाही का? आणि झेपणार असेल तर कोणती घेऊ, किती सीसीची, नवी की जुनी?

उत्तर :

अगं, कोणती बाइक हा प्रश्न तू शेवटी विचारलास आणि लाज आधी लिहिलीस, त्यामुळे मीही आधी तिथूनच सुरू करते.

गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचं सगळं वजन टायरवर असतं, तुझ्या हातावर काहीच नसतं, म्हणून २०० किलोची गाडीसुद्धा सरळ असेल तर दोन बोटांनी तोलून धरता येते. ती कलायला लागली की मात्र दर इंचाला भार वाढत जातो आणि एका हद्दीपलीकडे गेली की धडधाकट माणसालाही ती थांबवता येत नाही. म्हणजे सावरायची जी काही संधी असते ती अगदी सुरुवातीला, पहिल्या दोन-चार इंचांत, आणि तिथे ताकद हाताची लागत नाही, पाय जमिनीवर घट्ट लागलेला असावा लागतो. तुझी फक्त बोटं टेकत असणार, मी पैज लावते. तू पाय शोधून त्याच्यावर जोर देईपर्यंत गाडी ती हद्द ओलांडून गेली होती. यात तुझी हिंमत, ताकद, बाई असणं, काहीच आलं नाही, तुझ्या पायाची लांबी आणि त्या सीटची उंची यांचं गणित जुळलं नाही एवढंच. मी एकतिसाव्या वर्षी शिकले आणि पहिल्या तीन महिन्यांत गाडी चार वेळा पाडली, चारही वेळा यू टर्न घेताना, वेग माणूस चालतो तेवढा. आज मी रोज चालवते.

आता निवडीकडे येऊ. मी आजपर्यंत बऱ्याच जणांना शिकवलंय आणि सगळ्यांना एकच गोष्ट सांगते, नवीन चालवणाऱ्याकडे सगळ्यात कमी काय असतं तर लक्ष. तू रस्त्यावर आलीस की डावा हात क्लचवर, डावा पाय गिअरवर, उजवा हात ॲक्सिलरेटर आणि फ्रंट ब्रेक दोन्हीवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, इंडिकेटर वळल्यावर बहुतेक गाड्यांवर आपोआप बंद होत नाही तो आठवणीने बंद करायचा, आरसे बघायचे, आणि हे सगळं चालू असताना समोरचा गाडीवाला वळणार आहे का, कोणी दार उघडतंय का, वाळू आहे का, तेही बघायचं. यातल्या हातापायाच्या गोष्टी काही महिन्यांनी आपोआप व्हायला लागतात पण तोपर्यंत प्रत्येक गोष्ट विचार करून करावी लागते. अशा वेळी गाडी स्वतःच तुझं अर्धं लक्ष खात असेल, कारण ती जड आहे, उंच आहे, किंवा जरा रेस दिली की झेप घेते, तर रस्त्यासाठी उरलं काय?

हे मी नुसतं माझ्या मनाने सांगत नाहीये. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाच्या टीमने लॉस एंजेलिस भागात ९०० मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले, त्याचा रिपोर्ट १९८१ साली आला, तो 'हर्ट रिपोर्ट' म्हणूनच ओळखला जातो. जुना आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी मला कधीच विसरता आल्या नाहीत. एक, अपघात टाळायला चालवणाऱ्याला साधारण दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो. दोन, अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिन्यांपेक्षा कमी अनुभव होता, जरी एकूण चालवण्याचा अनुभव सरासरी जवळपास तीन वर्षांचा होता. म्हणजे चालवता येणाऱ्यालासुद्धा नवीन गाडी अंगवळणी पडेपर्यंत धोका असतो, तुझ्यासाठी तर चालवणंही नवीन आणि गाडीही नवीन.

सीसीचं आता सांगते कारण सगळी चर्चा तिथेच अडकते. सीसी म्हणजे इंजिनच्या सिलिंडरची जागा, त्यावरून गाडी किती अंगावर येणारी आहे ते कळत नाही. ज्या देशांनी शिकाऊ लोकांसाठी नीट विचार करून नियम केलेत त्यांनी ताकद आणि वजन यांचं प्रमाण धरलंय. ऑस्ट्रेलियात शिकाऊ लोकांना ६६० सीसीपर्यंत परवानगी आहे पण टनामागे १५० किलोवॅटपेक्षा जास्त ताकद चालत नाही, त्यामुळे तिथे सुझुकीची डीआर६५० शिकाऊ माणूस चालवू शकतो, आणि त्याच कंपनीची जुनी टू स्ट्रोक आरजीव्ही२५० चालवू शकत नाही! अडीचशे बंद, साडेसहाशे चालू. युरोपात मधल्या पायरीच्या, म्हणजे ए२ लायसन्सला ३५ किलोवॅटची मर्यादा आहे, साधारण ४७ हॉर्सपॉवर, शिवाय गाडीच्या किलोमागे जास्तीत जास्त ०.२ किलोवॅट. आणि त्याच्या खालची १२५ सीसीची पायरी तर ११ किलोवॅटवरच थांबते. तू ज्या गाडीवर सहा दिवस शिकलीस ती या सगळ्यात खालच्या पायरीची आणि मित्र सांगतायत ती थेट तिच्या बरीच वरची.

मग 'मोठी घे आणि हळू चालव' यात चूक काय, असं तुला वाटेल. त्यांनी प्रेमानेच सांगितलंय, पण हळू चालवायचं ठरवणं तुझ्या डोक्यात असतं आणि चूक होते ती हाताने. एक प्रसंग सांगते, माझ्या डोळ्यासमोर घडलेला. माझ्याकडे शिकणारा एक मुलगा, अगदी शांत स्वभावाचा, सिग्नलवरून निघताना क्लच जरा पटकन सुटला, गाडीने झटका दिला, तो मागे ढकलला गेला. आता बघ काय होतं, अंग मागे जातं पण मूठ हँडलवरच असते, म्हणजे अंगाबरोबर मनगटही खाली ओढलं जातं आणि ॲक्सिलरेटर आणखी पिळला जातो. गाडी आणखी जोरात पुढे, अंग आणखी मागे. हे एक-दीड सेकंदाचं काम आहे, विचार करायला जागाच नसते, भीतीने मूठ आणखी घट्ट आवळली जाते. तो १५० सीसीच्या गाडीवर होता म्हणून गाडी सात-आठ फूट पुढे जाऊन भस्सकन बंद पडली आणि तो नुसता घाबरला. हीच चूक ७० हॉर्सपॉवरच्या गाडीवर झाली असती तर तो समोरच्या बसखाली असता. तो हळूच चालवत होता गं, पूर्ण वेळ हळूच चालवत होता.

म्हणून तुझ्यासाठी माझं सरळ मत, १२५ ते २०० च्या आसपासची, एका सिलिंडरची, साधी सरळ बसायची नेकेड, म्हणजे इंजिनवर प्लास्टिकचं आवरण नसलेली गाडी, पेट्रोल-ऑइल सगळं भरून वजन १५० किलोच्या आत. वजन बघताना एक फसगत होते, काही ठिकाणी ड्राय वेट लिहिलेलं असतं, म्हणजे पेट्रोल, ऑइल न धरता. तू कर्ब वेट विचार, म्हणजे सगळं भरून होणारं वजन. १२ लिटर पेट्रोलचंच नऊ किलो होतं आणि टाकी वरच्या बाजूला असल्यामुळे ते नऊ किलो तोलताना चांगलेच जाणवतात.

सीटची उंची बघताना पण नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. ७९० मिलीमीटरची अरुंद सीट तुला ७६० च्या रुंद सीटपेक्षा सोपी जाऊ शकते, कारण रुंद सीटवर मांड्या बाहेर फाकतात आणि पाय तेवढेच आखूड होतात. शिवाय तुझ्या वजनाने शॉकअप किती दबतात ते पण असतं, ५२ किलोच्या माणसाला गाडी ८० किलोच्या माणसापेक्षा उंचच लागते. त्यामुळे बसूनच बघायचं, रोज घालणार ते बूट घालून, आणि दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी नीट टेकले पाहिजेत, नुसती बोटं नाही. पुढे हात बसला की एका पायावर काम भागतं, लोक उंच गाड्याही चालवतात, पण ते पुढे. सीट कापून खाली करणं, शॉकअप खाली करणं असले उद्योग पहिल्या गाडीला नको, हँडलिंग बदलतं आणि मुळात कसं होतं ते तुला माहीत नसल्याने काय बिघडलं तेही कळणार नाही.

सीट सगळ्यात खाली असते ती क्रूझरची, म्हणजे पाय पुढे टाकून आरामात बसायच्या लांब गाडीची, आणि उंची कमी असली की सगळे क्रूझर सुचवतात. वाईट नाही, पण बहुतेक क्रूझर जड असतात, फूटरेस्ट पुढे असल्यामुळे हळू वेगात पायावर जोर देऊन तोल साधता येत नाही आणि लांबलचक असल्याने यू टर्नला मोठी जागा लागते. खाली वाकून बसायची स्पोर्ट बाइक तर नकोच सध्या, तिचं हँडल कमी वळतं, सगळा भार मनगटांवर येतो आणि शिकताना जे सगळ्यात जास्त करायचं ते हळू वेगातलं वळणं तिच्यावर सगळ्यात अवघड.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड करू देणार नाही. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, हवीच, आणि शक्यतो दोन्ही चाकांना. कारण सांगते. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, मागचं चाक हलकं होऊन सहज घसरतं. पण नवीन माणूस पुढच्या ब्रेकला घाबरतो, मागचाच दाबतो, गाडी थांबत नाही म्हणून आणखी दाबतो, चाक लॉक होऊन गाडी आडवी. हर्ट रिपोर्टमध्येही हेच दिसलं होतं, मागचा ब्रेक जास्त, पुढचा कमी. एबीएस असलं की सरळ जाताना पुढचा ब्रेक जोरात दाबूनही चाक लॉक होत नाही, म्हणून तुला तो वापरायची भीती वाटणार नाही. तरीपण ब्रेक हा झटक्यात न मारता आधी जरासा दाबून वजन पुढे येऊ द्यायचं आणि मग वाढवत न्यायचा, हे रिकाम्या जागेत शंभर वेळा कर. आणि हे लक्षात ठेव की ५० च्या वेगात तुझ्या हाताला ब्रेकपर्यंत जायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते, वेग दुप्पट झाला की नुसतं ब्रेकिंगचं अंतरच चौपट होतं.

नवी की जुनी? जुनी. आणि कारण फक्त पैशाचं नाही. तू शिकताना गाडी पाडणार आहेस, निदान एकदा तरी, आणि चकचकीत नव्या गाडीला ओरखडा जाईल ही भीती पण लक्ष खाते. ओरखडे आधीच असलेली गाडी माणूस मोकळेपणाने चालवतो. वर्ष-दीड वर्षाने विकलीस तर घेतली तेवढ्याच्या आसपास जाते, म्हणजे 'पैसे वाया' हे पण खरं नाही.

फक्त बघताना कोणीतरी जाणकार बरोबर ने आणि स्वतः पण बघ. पोचल्या पोचल्या पहिलं काम, स्टार्ट करायच्या आधी इंजिनजवळ हात नेऊन लांबूनच बघ, गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असेल, थांब आणि गार होऊ दे. निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय, ती गाडी सोडून दे. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरव, तेलकट लागलं तर ऑइल सील गेलंय. मेन स्टँडवर लावून कोणाला तरी मागे दाबायला सांग म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल, आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरव, मध्यावर कुठे खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग गेलंय. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेनसेटचा खर्च धर. टायरवर 'DOT' या अक्षरांच्या पुढे शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही छान दिसली तरी जुना रबर कडक होतो आणि ओल्यात पकडत नाही. क्लच-ब्रेकच्या लिव्हरची टोकं आणि हँडलची टोकं घासलेली असतील तर पडलीय, त्याचं एवढं काही नाही, पण हँडल वाकडं वाटलं किंवा दोन चाकं एका रेषेत दिसली नाहीत तर मग नाही घ्यायची. चेसिस नंबर कागदांशी स्वतः ताडून बघ, फोटोवर विश्वास नको.

हेल्मेट, ग्लोव्हज, घोट्याच्या वर येणारे बूट आणि जॅकेट यांचे पैसे आधी बाजूला काढ आणि उरलेल्यात गाडी बघ, उलटं करू नकोस. हेल्मेट मात्र नवंच, आणि डोकं हलवल्यावर आत फिरणार नाही इतकं घट्ट, गालाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे.

ग्रुपबरोबर लगेच जाऊ नकोस, किंवा गेलीस तर तुझ्या वेगाने जायला तयार असेल अशा एकाबरोबर जा. मागे कोणाला बसवायचं तर अजून बरेच महिने नाही, ५० किलोचं माणूस मागे बसलं की १४० किलोच्या गाडीचं सगळं वागणं बदलतं. आणि सहा महिन्यांत कंटाळशील म्हणतात ना, तर होऊ दे की कंटाळा, तेव्हा ३५०-४०० ची बघू, मलाच परत लिही. बहुतेकांना कंटाळा येत नाही, कारण छोटी गाडी पूर्ण वापरता येते, वळणावर कोणता गिअर, कुठे ब्रेक सोडायचा हे सगळं तिच्यावरच कळतं.

आता ती उचलायची राहिली. ही गोष्ट तुला येणार आहे, आणि गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात गवतावर किंवा जुन्या गादीवर मैत्रिणीच्या मदतीने मुद्दाम आडवी ठेवून करून बघ. आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, आणि चावी बंद. गाडी पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेव, डावीकडे पडली असेल तर ते जमत नाही, मग सरळ झाल्यावर पायाने काढायचा. हँडल पडलेल्या बाजूलाच पूर्ण वळव. मग गाडीकडे पाठ कर आणि उकिडवी बस, इतकी की कंबरेखालचा भाग सीटच्या कडेला टेकला पाहिजे. एका हाताने खालची मूठ धर, दुसऱ्या हाताने मागची ग्रॅबरेल किंवा फ्रेमचा घट्ट भाग. पाठ ताठ, हात ताणलेले, आणि आता हाताने ओढायचं नाही, पायांनी रेटायचं, टाचा रोवून छोटी छोटी पावलं मागे टाकत. पहिला एक फूट जड जातो, मग अचानक हलकी होते, तिथेच सावध हो नाहीतर पलीकडे जाईल. स्टँडवर ठेवलीस की लगेच सुरू करू नकोस, पेट्रोल गळतंय का बघ, लिव्हर आणि गिअरचा पेडल वाकलाय का बघ, पाणी पी, हात थरथरायचे थांबले की मग बस.